आठव्या मजल्यावरची शेजारीण

प्रश्न १. एका शब्दात उत्तर द्या : दार उघडल्यावर काय दिसले?

काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे अगदी काहीच नाही. बुधवारी सकाळी भाची समोरच्या ८०३ मध्ये रिकामा डबा परत द्यायला गेली. तिने बेल दाबली, टकटक केली, आणि हात लागताच दार आपसूक आत गेलं. पलंग नाही, पडदा नाही, दोरीवर टॉवेल नाही. ओट्यावर एक चमचासुद्धा नाही. नळाला कारखान्यातून येतं तसलं प्लास्टिक गुंडाळलेलं, काचांवर निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या आणि सगळीकडे ताज्या रंगाचा वास. त्या घरात आजवर कुणी शिंकलंसुद्धा नसेल, असं ते घर दिसत होतं.

भाची डबा पोटाशी धरून परत आली. तिचा चेहरा पाहून मावशीने हातातला कप खाली ठेवला.

"मावशी, समोरची नाहीये."

"बाहेर गेली असेल."

"तसं नाही गं. ती कधी नव्हतीच, असं झालंय ते घर."

मावशी दोनच दिवसांपूर्वी इथे राहायला आली होती. भाचीच्या प्रबंधाचा शेवटचा महिना, नवरा नोकरीसाठी परगावी, पोरगी जेवते की नाही तेही कळायला मार्ग नाही, म्हणून बहिणीने तिला धाडलं होतं. स्वतः मावशी चौतीस वर्षं एका विद्यापीठाच्या परीक्षांत पर्यवेक्षक होती. मुलं तिला घार म्हणायची. वर्गात कुणी मान वळवली तर तिला पाठमोरीलाही कळतं, अशी तिची ख्याती होती. पाठीला काही डोळे नव्हते. एवढंच, की जिथे सगळे खाली मान घालून लिहितात, तिथे न लिहिणाऱ्याची शांतता वेगळी ऐकू येते.

इमारत बारा मजल्यांची, विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून, काचेची आणि करड्या रंगाची. बांधून वर्षही झालं नव्हतं. भाडं ऐकून बहिणीने फोनवर दोनदा विचारलं होतं, "हे महिन्याचं की वर्षाचं?"

"कधीपासून होती ती?" मावशीने पायात चपला सरकवत विचारलं.

"तीन महिने. रोज संध्याकाळी आम्ही बाल्कनीतून बोलायचो, कोपऱ्यात दोन्ही बाल्कन्या लागूनच आहेत. बोलण्याआधी ती दोनदा खाकरायची. संध्याकाळच्या वर्गांना जायची, दिवसा कसलंसं काम करायची. शनिवारी तिने हा डबा दिला. रविवारपासून दिसली नाही. फोन बंद. मला वाटलं, अभ्यासात असेल."

मावशी ८०३ मध्ये शिरली. भिंतींना हात न लावता सगळ्या खोल्या फिरली. मग ओट्यापाशी थांबून तिने नळाचं प्लास्टिक नखाने सोललं. आत नळावर पाण्याचे पांढरे डाग होते, खडूसारखे, थरावर थर.

"नवा नळ एवढा म्हातारा कसा झाला?" ती म्हणाली. "पोरी, लिहून खोडलेला कागद कोऱ्या कागदासारखा दिसत नाही. तो जरा जास्तच कोरा दिसतो. हे घर कुणीतरी खोडलंय."

प्रश्न २. चूक की बरोबर ते लिहा.

तळमजल्यावर व्यवस्थापकाचं काचेचं दालन होतं. तरुण माणूस, गुळगुळीत दाढी, बोलताना दोन्ही हात जोडल्यासारखे एकत्र.

"या, मावशी, या."

"मी तुमची मावशी नाही, हिची आहे. ८०३ मधली मुलगी कुठे गेली?"

"८०३?" त्याने संगणकावर काहीतरी उघडलं. पडदा मात्र त्यांच्याकडे वळवला नाही. "८०३ आम्ही अजून कुणालाच दिलेलं नाही. सोमवारीच एक कुटुंब बघून गेलं. त्यांना फार आवडलं."

"मी तिच्याशी रोज बोलत होते!" भाचीचा आवाज चढला.

"मॅडम, एक विचारू? झोप होते का तुमची?" तो अगदी मायेने म्हणाला. "तुमचा दिवा पहाटेपर्यंत जळत असतो. प्रबंधाचा ताण भल्याभल्यांना होतो. आणि बाल्कनीत काय, आवाज कुठून कुठे येतात. इमारत भरलेली आहे ना आपली."

परीक्षांची सवय जात नाही म्हणतात ते खरं, मावशीचीही गेली नव्हती. ८०३ कुणाला दिलं नव्हतं : चूक. भाचीला ताण आहे : बरोबर. इमारत भरलेली आहे : इथे तिने मनातल्या मनात पेन्सिल थांबवली.

कारण त्याच्या डोक्यामागे एक फलक होता आणि त्यावर एकच चिठ्ठी टाचणीने लावलेली होती. मधोमध, एखादं प्रशस्तिपत्रक लावावं तशी.

*१००४ मधल्या मुलांना आवरा. रविवारपासून जमिनीवर काहीतरी आपटणं चालू आहे. — डॉक्टर, ९०४.*

"तक्रार आहे ही?" मावशीने विचारलं.

"हो ना!" व्यवस्थापक चक्क खूश होऊन म्हणाला. "माणसं राहतात म्हटल्यावर आवाज होणारच. परवा आलेल्या कुटुंबालाही मी दाखवली. म्हटलं, बघा, गजबज आहे आमच्याकडे."

बाहेर आल्यावर भाची जिन्याच्या पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी, पण ते गालावर येऊ द्यायला तयार नाही.

"मावशी, खरं सांग. मी वेडी झालेय का?"

"वेड्या माणसाच्या हातात दुसऱ्याचा डबा नसतो," मावशी म्हणाली. "पण तुझ्या डोक्याचं आपण नंतर बघू. ती पोरगी रविवारपासून कुठेतरी आहे. आज बुधवार."

प्रश्न ३. निरीक्षण करा.

लिफ्ट चौथ्यावर थांबली. दार उघडलं. कुणी नाही. दार बंद झालं. सातव्यावर पुन्हा तेच.

"कुणीतरी बटण दाबून जिन्याने जातात," भाची म्हणाली. "रोजचं आहे."

"रोज? त्याच मजल्यांवर?"

भाची लिफ्टच्या आकड्यांकडे बघायला लागली.

त्या नवव्या मजल्यावर उतरल्या. बोळात अंधार होता. दोघी पाऊल टाकतील तसा डोक्यावर एकेक दिवा लागत होता आणि मागचा विझत होता, म्हणजे उजेड दोघींपुरता, पुढे-मागे काळोख. शेजारच्या भूखंडावर आणखी एक इमारत उठत होती. खांब ठोकण्याच्या यंत्राचा दणका इथपर्यंत येत होता, जाड काचांतून गाळून आलेला.

दारांबाहेर चपला होत्या. एका दारात पुरुषाचे बूट, दुसऱ्यात घरातल्या स्लिपर, तिसऱ्यात लाल सँडल. मावशीने बूट उचलून उलटा केला. मग स्लिपर. मग सँडल. भाची कावरीबावरी होऊन इकडेतिकडे बघत होती.

"अगं, कुणी बाहेर आलं तर काय म्हणेल!"

"कुणी येणार नाही. हे बघ." तिन्ही उजव्या टाचांची बाहेरची कड तिरकी झिजलेली होती, एकाच कोनात. "बूट पुरुषाचे, सँडल बाईची, पण चालणारा पाय एकच आहे. नवीन चपला कुणीतरी घालून घालून जुन्या केल्यात."

त्या अकराव्या मजल्यावर गेल्या. तिथेही तोच पाय.

एका दारामागून आवाज येत होते. ताटं, टीव्ही, एका बाळाचं हसणं. भाचीने सुटकेचा श्वास सोडला. "बघ, माणसं आहेत." मग आतून कुणीतरी दोनदा खाकरलं आणि म्हणालं, "हो, आले हं!"

भाचीचा हात मावशीच्या दंडावर असा आवळला गेला, की तिथे नंतर वळ उठला.

"तीच आहे! मावशी, तीच!"

तिने दारावर धाडधाड हात मारले, नावाने हाका मारल्या. आत ताटं वाजत राहिली. बाळ हसलं. टीव्हीवर कुणीतरी बातम्या सांगत होतं. दार काही उघडलं नाही.

मावशी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. सहा मिनिटं झाली. ताटं. बाळ. खाकरणं, एक, दोन. "हो, आले हं!"

अगदी तसंच. तोच चढ, तोच उतार, शेवटच्या 'हं'मध्ये तेच किंचित हसू.

"चल इथून," मावशी हळूच म्हणाली. "आत माणूस नाही. नुसता तिचा आवाज आहे."

खाली बागेत येऊन मावशीने मान वर केली. बऱ्याच बाल्कन्यांत कपडे वाळत होते. कुठे शाळेचा गणवेश, कुठे चादर, कुठे मोजे. मोजे सगळीकडे जोडीने, अंगठ्याकडच्या टोकाला एकच चिमटा लावून.

"समोरची मोजे असेच वाळत घालायची," भाची पुटपुटली.

"वाटलंच. अक्षर बदलता येतं गं, हात बदलत नाही."

मात्र दहाव्या मजल्यावर, टोकाच्या बाल्कनीत, दोरी रिकामी होती. तिथे एक लहान मुलीचा फ्रॉक आणि एक शर्ट कठड्याच्या अगदी खालच्या गजाला गाठी मारून बांधलेले होते. वाऱ्याने फडफडत होते. सगळ्या कपड्यांत तेवढेच वेडेवाकडे होते.

मावशी बराच वेळ त्या गाठींकडे बघत राहिली. ओळखीचं उत्तर असावं आणि प्रश्न आठवू नये, तसं तिला झालं होतं.

प्रश्न ४. कोण कोणास म्हणाले?

फाटकावरचा वॉचमन, मावशीला :

"कोण? ८०३? मला नाही माहीत."

मावशी, वॉचमनला :

"दादा, चौतीस वर्षं मी 'मला नाही माहीत' ऐकत आलेय. तुमचं तर धड पाठही झालेलं नाही. ती मुलगी सापडत नाहीये. रविवारपासून."

वॉचमनने स्टूल मागे सारलं, दालनाकडे एक नजर टाकली.

"सापडत नाही म्हणजे? आत असेल की. रविवारी सकाळी आठला दूध घेऊन आत गेली. तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल नाही तिचं. दुसरी वाटच नाही. तिच्याकडे कार्ड नाही, फाटक उघडायला मलाच हाक मारावी लागते. रात्रीच्या माणसालाही विचारलं मी, म्हटलं, ताईंचे वर्ग बुडतायत, आजारी आहेत की काय."

"कार्ड का नाही?"

"आता कसं सांगू! साहेबांनी बजावलंय, या ताईंचं काही विचारायचं नाही. कधी आठव्यावर असतात, कधी अकराव्यावर. दर दोन-तीन महिन्यांनी गाठोडं घेऊन घर बदलतात. मी म्हटलं, मोठ्या लोकांच्या गोष्टी. मोठ्या कसल्या, जोड तरी धड होता का पायात! एवढ्या चपला आहेत म्हणे वर, आणि स्वतः पोरगी एका जोडावर."

"गाठोडं आता कुठेय?"

"रविवारी संध्याकाळी साहेबांनी स्वतः तळघरात नेऊन टाकलं. तणतणत होते. म्हणाले, सकाळी सांगितलं तरी खोली खाली केली नाही."

भाची, मावशीला, लिफ्टची वाट बघताना :

"फोन गाठोड्यातच असणार. म्हणून लागत नाही. मावशी, साहेबांनी तिला काही केलं असेल का गं?"

मावशी, भाचीला :

"ज्याने काही केलंय तो तक्रारीची चिठ्ठी डोक्यामागे मिरवत नाही. आधी ९०४ मध्ये जाऊ."

९०४ मधले दातांचे डॉक्टर दार उघडून तिथेच उभे राहिले. साठीचे, टापटीप, गळ्यापर्यंत गुंड्या. हातात झाडू.

"बरं झालं आलात. तुम्हालाही ऐकू येतं ना? किती भाडं भरतो आपण, आणि ही शांतता!"

"काय ऐकू येतं, डॉक्टर?"

"ठोके! वरच्यांची कार्टी जमिनीवर काहीतरी आपटतात. रविवारी दुपारी सुरू झालं. दिवसा त्या बाहेरच्या यंत्रात मिसळून जातं, पण संध्याकाळी यंत्र थांबलं की नुसता उच्छाद. शेवटी मीही झाडूच्या दांड्याने छतावर तीन ठोके मारले. म्हटलं, कळू दे. तर वरून तीन आले!"

"तीन?"

"मोजून तीन. मी चार मारले. वरून चार. दोन मारले, दोन. अहो, टिंगल चाललीय सरळ सरळ! आईबाप काय करतात कोण जाणे. सोमवार, मंगळवार, हेच. मीही हट्टाला पेटलो. मी मारायचे, त्यांनी मारायचे."

मावशीने दाराची चौकट धरली.

"आज?"

"आज सकाळी मी पाच मारले," डॉक्टर जरा विजयी सुरात म्हणाले, "तर वरून दोनच. तेही दमल्यासारखे. आणि दुपारपासून एकदम शांत! लागली शेवटी शिस्त."

प्रश्न ५. कारणे द्या.

"कार्ड घे," मावशी दालनात शिरत व्यवस्थापकाला म्हणाली. "सगळी दारं उघडतं ते. एक शब्द न बोलता ऊठ, आणि चल."

"हे बघा, असं कुणाच्याही घरात—"

"कुणाच्याही घरात नाहीच आहे कुणी. १००४ मध्ये आवाजाचं यंत्र बसवलंयस?"

त्याचं तोंड उघडं राहिलं. मावशी टेबलावर दोन्ही हात टेकून तशीच वाकून उभी होती. चौतीस वर्षं ह्याच नजरेखाली मुलांनी बाहीतल्या चिठ्ठ्या आपणहून काढून दिल्या होत्या.

"नाही," तो म्हणाला. "अजून... पुढच्या आठवड्यात बसवणार होतो."

"मग तिथे चार दिवस आपटतंय कोण?"

"तीच. मीच तिला रविवारी सांगितलं, ८०३ सोड, वर १००४ सजव. दारही मीच उघडून दिलं. मला वाटलं, यंत्र नाही म्हणून हाताने आवाज करतेय. म्हटलं, पोरगी फारच मनावर..."

तो मध्येच थांबला. मग त्याने खिसे चाचपायला सुरुवात केली. कार्ड समोर टेबलावर होतं, तरी त्याला दिसेना. भाचीने ते उचललं आणि ती पळत सुटली.

लिफ्टमध्ये तिघे शिरले, आणि दार मिटता मिटता नवव्या मजल्यापासून मागोमाग आलेले डॉक्टरही, झाडूसकट. भाची दहाचं बटण दाबत राहिली, दाबत राहिली.

"मावशी, बोल काहीतरी. नाहीतर मी किंचाळेन."

"मग ऐक. एवढं भाडं कोण देणार रिकाम्या इमारतीत? म्हणून रिकामी घरं भरलेली दाखवायची. संध्याकाळी आपोआप दिवे, दारात चपला, दोरीवर कपडे, आत आवाज. आणि हे सगळं मांडायला एक गरजू पोरगी. बदल्यात राहायला जागा. कुणाशी बोलायचं नाही, ही अट असणार. ती तुझ्याशी बोलली, म्हणून तुला शोध घ्यावासा वाटला. नाहीतर आज तिला कुणी शोधलंही नसतं. खरं ना?"

व्यवस्थापकाने मान हलवली. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं.

समोर रिकामा बोळ. एक दिवा लागला, आणि विझला.

"हे काय!" भाची ओरडली.

"ते... तसं बसवलंय," तो खाली बघत म्हणाला. "वर्दळ वाटावी म्हणून. ते बंद करता येत नाही आतून."

दार मिटायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. मावशी बोलत राहिली, कारण गप्प बसणं जास्त अवघड होतं.

"टिंगल करणारी पोरं आपला ठोका मारतात आणि पळतात, डॉक्टर. समोरच्याचे ठोके मोजून परत देत नाहीत. परीक्षेत मागच्या बाकावरून पेन्सिल वाजवणारे मी हजारो बघितलेत. जो मोजून तेवढंच परत वाजवतो, तो एकच गोष्ट सांगत असतो : मी इथे आहे, तुझं ऐकू येतंय, पुढे बोल." डॉक्टर लिफ्टच्या भिंतीला टेकले.

"कपडे," भाची म्हणाली. "खालच्या गजाला."

"हो. दोरीपर्यंत हात पोचत नव्हता, दाराच्या कडीपर्यंतही नसेल. उभं राहता येत नाहीये तिला. निशाण म्हणून बांधले असतील. पण खाली बघणाऱ्याला वाटलं, राहतंय कुटुंब. दिवसा हाक मारली तर खांबांचं यंत्र. रात्री सगळ्यांच्या जाड काचा बंद. उरले ठोके. ते डॉक्टरांना ऐकू आले, त्यांना वाटलं, कार्टी आहेत. डॉक्टरांनी ते ह्याला कळवलं, ह्याला वाटलं, काम छान चाललंय. जो तो बरोबर ऐकत होता. प्रत्येकाने ऐकलं ते वेगळंच."

सातवा मजला. दार उघडलं. कुणी नाही.

"देवा," व्यवस्थापक म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी दार ओढून मिटवायचा प्रयत्न केला. ते आपल्याच गतीने मिटलं.

प्रश्न ६.

(हा सोडवायला कुणाकडेच शब्द नव्हते, म्हणून जे होतं ते असं.)

एक शिडी, आडवी पडलेली. खिडकीला अर्धाच पडदा. दारापासून बाल्कनीपर्यंत आणि बाल्कनीपासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर फरफटल्याची पुसट रेघ. न्हाणीघराच्या उंबऱ्यात, खालच्या नळापाशी, एक मुलगी कुशीवर. उजवा पाय गुडघ्याखाली चुकीच्या बाजूला वळलेला. हातात पडद्याची दांडी. दांडीच्या टोकाखाली फरशीचा कपचा उडालेला.

भाची गुडघ्यांवर बसली. तिला वाटत होतं तसं तिला रडू आलं नाही. तिने मुलीच्या गालाला हात लावला.

गाल गरम होता. तापाने फणफणलेला, पण गरम.

"ए," भाची म्हणाली. "ए, मी आहे. समोरची."

मुलीने डोळे उघडले. आधी दोनदा खाकरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ओठांवर ओठ चिकटले होते. मावशीने पदर ओला करून ते पुसले.

"खूप त्रास झाला का... खाली?" ती म्हणाली. आवाज कागदासारखा. "आवाजाचा?"

मावशीने पदर पुन्हा ओला केला.

"खालून उत्तर यायचं," मुलगी भाचीला सांगत होती, फार लांबून आल्यासारखी. "मी वाजवलं की यायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, कळलं त्यांना. आता निघाले असतील. आता जिन्यात असतील."

डॉक्टरांच्या हातातून झाडू पडला. त्यांनी तो उचलला नाही. ते पुढे आले, मुलीच्या पायापाशी बसले आणि अंगातला शर्ट काढून, त्याच्या पट्ट्या फाडून, पाय दांडीला बांधू लागले. हात सराईत होते. मान मात्र शेवटपर्यंत वर आली नाही.

व्यवस्थापक दारातच उभा होता. मुलीला तो दिसला, तशी ती धडपडून उठायला गेली.

"साहेब, आज आवरते मी. पडदा राहिलाय फक्त. जागा... जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका."

मावशीने त्याच्याकडे वळून बघितलं.

"रुग्णवाहिका बोलव," ती म्हणाली. "मग पोलिसांना फोन कर. स्वतः कर. मी केला तर मला सगळं सांगावं लागेल, तू केलास तर निदान सुरुवात तुझ्या शब्दांत होईल."

त्याने केला. बोलताना त्याला इमारतीचा पत्ता चटकन आठवेना.

प्रश्न ७. रिकाम्या जागा भरा.

रुग्णालयात दाखल करून घेण्याची खिडकी होती. आत चष्मा लावलेला कारकून होता आणि त्याच्यापुढे फॉर्म.

मुलीला आत नेलं होतं. पाय वाचेल, असं शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर त्यांनी काही सांगितलं नसतं. घरच्यांना कळवलं होतं. ते निघाले होते, पण परवाशिवाय पोचणार नव्हते.

"वय?"

भाचीने सांगितलं.

"कसं पडल्या?"

"शिडीवरून."

"पत्ता?"

भाची थांबली. मागे बाकावर मावशी बसली होती. पलीकडच्या कोपऱ्यात व्यवस्थापक एका पोलिसाला काहीतरी समजावत होता. हात आता जोडलेले नव्हते.

"पत्ता, बाई," कारकून म्हणाला. "पत्त्याशिवाय पुढे जात नाही हे. राहतात कुठे?"

मावशी उठून भाचीच्या जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुझ्या करारात आहे ना, घरात दुसरं माणूस ठेवायचं नाही म्हणून?"

"आहे."

"काढतील तुला. प्रबंध महिन्यावर आलाय."

"माहितेय."

"मी नको म्हणत नाहीये. नंतर कुणी सांगितलं नव्हतं असं नको व्हायला."

भाचीने खिडकीतून हात घालून फॉर्म स्वतःकडे ओढला, कारकुनाचं पेन घेतलं आणि लिहिलं. ८०२. मग इमारत, रस्ता, विद्यापीठाचं मागचं फाटक.

कारकुनाने फॉर्म उलटा फिरवून वाचला.

"केव्हापासून राहतात इथे?"

"आजपासून," भाची म्हणाली.

त्याने तारीख घातली.